ऐंशी फुटी रस्त्यावरचा शेरा

भिवंडी
९ मार्च १९८८

जैनबला हसनचा सलाम.

तू म्हसळ्याला सुखरूप पोचलीस हे तुझ्या दिराच्या कार्डावरून कळलं. कार्डात तुझ्या लेकीच्या, खदीजाच्या सर्दीवर तीन ओळी होत्या, तुझ्याबद्दल एकही नव्हती, म्हणजे ती तूच घालू दिली नसणार. कोर्टातून निघालीस ती घरी जेवायलाही आली नाहीस. हबीबा तेव्हापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. नवऱ्यापेक्षा नणंद जवळची मानणारी बायको भिवंडीत माझ्याच वाट्याला आली आहे.

तू रागाच्या भरात निम्मंच ऐकलंस, म्हणून झालं ते क्रमानं लिहितो. गेल्या वर्षी चौदा फेब्रुवारीला सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तुझा फखरुद्दीन रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी येत होता. नारपोलीच्या वळणावर पडघ्याकडून आलेल्या ट्रकनं त्याला मागून धडक दिली. ड्रायव्हरनं जबाब दिला की मी तीन वेळा हॉर्न वाजवला, सायकलवाला बाजूला झाला नाही. तिथे फलक आहेच, ‘पुढे वर्दळ आहे. हॉर्न वाजवा.’ पोलिसांनी आमच्या ऑफिसकडे जागेचा नकाशा आणि शेरा मागितला. त्या रस्त्याचा ओव्हरसियर मी, म्हणून शेरा मी लिहिला. ‘चालकाने हॉर्न दिला. सायकलस्वाराने दुर्लक्ष केले.’ यंदा केस उभी राहिली तेव्हा तो कोर्टात वाचला गेला आणि ड्रायव्हर सुटला.

कोर्टाच्या पायरीवर तू मला विचारलंस, ‘भाई, फखरूच्या नावाला ह्यो शब्द तू लावलास?’ शेरा म्हणजे आरोप नव्हे, जैनब. ती ऑफिसची भाषा आहे. तुझी सासू आता म्हणते की मुलगा स्वतःच्या गुर्मीत गेला, कोर्टानंच तसं सांगितलं, आणि ते खदीजाच्या कानावर पडतं, हेही दिरानं लिहिलं आहे. त्याला मी काय करणार? सासवांच्या तोंडाला माझ्या ऑफिसचा हात पुरत नाही.

मी दवाखान्यात उशिरा पोचलो, हेही तू मनात धरलं आहेस. वळणावर गाड्या अडकल्या होत्या, रस्ता बंद होता. नाहीतर लवकर आलो असतो.

तू काहीही म्हण, रस्ता चांगला झाला आहे. आधी पंचवीस फुटांचा होता, एक हातगाडी आडवी झाली की अर्धा तास सगळं थांबायचं. आता भिंतीपासून भिंतीपर्यंत ऐंशी फूट. ओटे तोडले तेव्हा लोकांनी माझ्या सात पिढ्यांची नावं घेतली, तीच माणसं आता आपल्या दारापर्यंत ट्रक आणतात.

खदीजाची सर्दी कशी आहे ते कळव. तुला लिहायचं नसेल तर दिराला लिहायला सांग.

तुझा भाई,
हसन


भिवंडी
२२ ऑगस्ट १९८८

जैनबला सलाम.

माझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. पोस्टावर ढकलायची माझी तयारी आहे, पण पोस्टमन आपल्याच गल्लीतला आहे आणि तो हसतो.

सांगण्यासारखी बातमी रस्त्याचीच आहे. दोन महिन्यांत त्या वळणाच्या आसपास चार सायकलवाल्यांना धक्के लागले. एकाचा पाय गेला, बाकीचे खरचटण्यावर सुटले. चौघेही सकाळी आठनंतर, पाळी सुटल्यावर. म्हणून मी आणखी दोन फलक लावले, अक्षरं दुप्पट मोठी केली. आता सकाळी तिथे हॉर्नचा असा कल्ला होतो की बाजूच्या शाळेतले मास्तर तक्रार घेऊन आले. तरी माणसं हलत नाहीत. मागून ट्रक येतो, ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नाही, आणि ही माणसं आपली सरळ चाललेली असतात. इतकी बेफिकिरी मी पाहिलेली नाही. तुला हे वाचून राग येईल, पण जे दिसतं ते लिहितो.

हबीबा तिच्या बहिणीकडे जायची बंद झाली आहे. बहीण रस्त्यापलीकडे राहते. पूर्वी दहा पावलांत ओलांडून व्हायचा, आता मी मोजली, बत्तीस पावलं होतात, आणि बत्तीस पावलं होईपर्यंत ट्रक कुठून येईल याचा नेम नाही. मी म्हटलं, बघ, रस्त्याचा हाही एक फायदा. ती हसली नाही.

खदीजाला शाळेत घातलं का?

हसन


भिवंडी
१७ जानेवारी १९९०

जैनबला सलाम.

हे पत्र पूर्ण वाच, मग हवं तर चुलीत घाल.

गेल्या आठवड्यात मी ठरवलं की सकाळी वळणावर स्वतः उभं राहायचं आणि या लोकांना शिस्त लावायची. वही घेऊन उभा राहिलो. आठ ते साडेआठ या अर्ध्या तासात अकराशे चाळीस माणसं पायी गेली आणि सहाशेबारा सायकली. एक माणूस रस्त्याच्या मधोमध चालला होता. मी मागून हाक मारली. चार वेळा मारली. शेवटी धावत जाऊन त्याचा दंड धरला, तसा तो दचकून वळला. सादिक त्याचं नाव, आजमगढकडचा, नारपोलीतच एका लूमवर विणकर आहे. मी ओरडलो, बहिरा आहेस का?

तो माझ्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, ‘साब, आठ बजे छूटते हैं, पर नौ बजे तक कान में लूम चलता है. हमको कुछ सुनाई नहीं देता. आपको मालूम नहीं?’

मला माहीत नव्हतं. त्यानंच मला आत नेलं. वीस वर्षं या गावात नोकरी केली, तीनशे कारखान्यांच्या भिंती मोजल्या, पण लूम चालू असताना आत कधी थांबलो नव्हतो. एक तास उभा राहिलो. तिथे कोणी कोणाला हाक मारत नाही. सगळं हातांनी चालतं. पंजा वर केला की थांब, बोट फिरवलं की चालू कर. बाहेर आलो तेव्हा डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं होतं. दहा पावलं चाललो नसेन, एक रिक्षा मागून कोपराला घासून गेली. रिक्षावाला पुढे जाऊन थांबला आणि तोंड हलवत होता. बऱ्याच वेळानं मला कळलं की तो विचारत होता, ‘काय काका, बहिरे हाय का?’

म्हणजे ज्या रस्त्यावर रोज सकाळी हजार माणसं काही न ऐकता चालतात, तिथे मी ट्रकवाल्यांना फलक लावून सांगितलं की वेग कमी करू नका, हॉर्न वाजवा. एकदा चुकलो म्हणून आणखी दोन लावले. लूमवर जॉबर असलेला माणूस माझ्या बहिणीचा नवरा होता. लूम बिघडली की ती दुरुस्त करणारा तो, दहा वर्षं माझ्या पंगतीला बसला. त्याला एकदाही विचारलं नाही की रे, सुटल्यावर तुला ऐकू येतं का? इतका हुशार ओव्हरसियर शोधून सापडायचा नाही.

तिन्ही फलक काढायचा अर्ज केला आहे. साहेब म्हणाले, ‘लावायला मंजुरी होती, काढायला कुठाय?’ लावायला आठवडा लागला होता, काढायला बघू किती लागतो.

शेऱ्याचं तू विचारशील. ते प्रकरण बंद झालेलं आहे, आणि वेगळं आहे.

हसन


भिवंडी
३ मे १९९१

जैनबला सलाम.

फलक निघाले. चौदा महिने लागले.

त्यांच्या जागी काय लावायचं हा घोळ होता. ‘हळू चालवा’ लिहायचं तर ट्रकवाले पंजाबपासून केरळपर्यंतचे, मराठी कोण वाचणार? सादिक म्हणाला, लिहिता कशाला, पंजा काढा. आता तिथे पिवळ्या पत्र्यावर माणसाच्या उंचीचा पंजा रंगवला आहे. ड्रायव्हरला कळतो, लूमवाल्यालाही कळतो. साहेबांना तो निवडणुकीचा वाटला. मी अंगठा थोडा वाकडा करून दिला.

पण नुसत्या पंजानं भागेना. खड्डे भरायच्या कामावर पडघ्याच्या पलीकडच्या पाड्यावरून मजूर येतात, त्यात बायडी म्हणून एक म्हातारी आहे. खडी टाकता टाकता ती रोज मला रस्ता ओलांडताना बघायची, आणि मी रोज मधोमध अडकायचो. एक दिवस पाटी खाली ठेवून म्हणाली, ‘सायब, तू नदी रुंद केलीस न् मधला खडक काढलास. आता मानूस थांबल कुठं?’

मी म्हटलं, कसला खडक?

‘आमच्या वहाळाला कंबरभर पानी आसला तरी मधी खडक हाय. तिथवर जावाचा, उभा रावाचा, पानी बघावाचा, मंग पुढं. एका दमात कोन जात न्हाय. तुजा रस्ता एका दमाचा हाय. म्हातारीला कसा पुरल?’

एवढं आम्हाला डिप्लोमात कोणी शिकवलं नाही. मी दुसऱ्याच दिवशी डांबराची सहा रिकामी पिंपं वाळूनं भरून रस्त्याच्या मधोमध दोन रांगांत उभी केली आणि त्यांच्यामध्ये पाच फूट जागा सोडली. पहिले दोन दिवस ट्रकवाल्यांनी शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी हबीबा बहिणीकडे गेली. मधल्या जागेत थांबली, उजवीकडे बघितलं, मग गेली. मला सांगून गेली नाही, मी ऑफिसच्या सायकलवरून येताना पाहिलं.

खदीजा आता तिसरीत असेल. चित्रं काढते का अजून?

हसन


भिवंडी
१२ नोव्हेंबर १९९२

जैनबला सलाम.

काम झालं. पिंपांच्या जागी दगडी बेट बांधलं, मध्ये उभं राहायला जागा ठेवली. ओलांडायच्या पट्ट्यावर रस्ताच सहा इंच उचलला, म्हणजे ट्रकला हळू व्हावंच लागतं, त्याला वाचता येवो न येवो. दोन्ही कडांना आठ आठ फूट जागा दगड लावून वेगळी काढली, त्यात सायकली आणि चालणारे. ट्रकला उरली मधली वाट, आणि तीही त्याला पुष्कळ आहे. कागदावर सगळं ‘किरकोळ दुरुस्ती’ म्हणून गेलं. तसं नसतं तर तुझ्या नातवंडांच्या वेळेला मंजुरी आली असती.

आठ महिन्यांत त्या वळणावर एकही सायकलवाला पडलेला नाही. मी अजून आठ वाजता जाऊन मोजतो. गरज नाही, पण जातो.

दगड लावताना एका लूममालकानं मला सगळ्यांसमोर अडवलं. पाच ट्रक उभे राहतील इतकं त्याचं दार आहे. म्हणाला, ‘ओव्हरसियरसाहेब, सात वर्षांपूर्वी माझा ओटा तोडून रस्ता मोठा केलात, आता माझ्याच दारात दगड लावून छोटा करताय. तेव्हा चुकलात की आता?’

मी म्हणालो, ‘तेव्हा.’

तो दारातून बाजूला झाला. तीस-चाळीस माणसं ऐकत उभी होती. मला वाटलं होतं की हा शब्द तोंडातून यायला फार जड जाईल. तसं काही झालं नाही. घरी आलो, हातपाय धुतले, जेवलो. मग मात्र झोपेपर्यंत अस्वस्थ होतो, म्हणून आज लिहितो.

मी दवाखान्यात उशिरा आलो कारण रस्ता बंद होता, असं तुला लिहिलं होतं. रस्ता बंद नव्हता. ऑफिसात निरोप आला की माझ्या फलकाजवळ अपघात झाला. वीस मिनिटांत मी तिथे पोचलो. माणसाला नेलं होतं. सायकल पडली होती. ती कोणाची हे मी लांबूनच ओळखलं. कॅरिअरला बांधलेली ती हिरवी पट्टी खदीजाच्या जुन्या फ्रॉकची होती. ओळखलं, आणि तरी मी खिशातून टेप काढला आणि सायकलपासून फलकापर्यंतचं अंतर मोजलं. एकशे दहा फूट. नियमाप्रमाणे बरोबर होतं. ते वहीत लिहिलं, मग दवाखान्यात आलो. त्यात पाऊण तास गेला. तोवर फखरू नव्हता.

शेऱ्याचंही ऐक. मी काहीच पाहिलेलं नव्हतं. ड्रायव्हर जे बोलला ते मी माझ्या नावावर लिहिलं, कारण त्यात फलकाचं काम बरोबर ठरत होतं, आणि फलक माझा होता. आधी मी ‘कानाडोळा केला’ असं लिहिलं होतं. ते ऑफिसच्या भाषेत बसत नाही म्हणून खोडून ‘दुर्लक्ष केले’ केलं. इतका विचार मी त्या वाक्यावर केला, बघ. भाषेचा केला.

मला लाज वाटते, जैनब. हे मी तोंडानं कोणाला सांगितलेलं नाही, हबीबालाही नाही.

हसन


भिवंडी
२० फेब्रुवारी १९९४

जैनबला सलाम. रोजे चालू आहेत, तब्येत सांभाळून धर.

सोबत एका कागदाची नक्कल आहे. मूळ कागद मी परवा ऑफिसात दिला आणि पोच घेतली. मजकूर थोडाच आहे. ‘दि. १४ फेब्रुवारी १९८७ च्या अपघाताबाबत मी दिलेला शेरा प्रत्यक्ष न पाहता दिलेला होता. तो मी मागे घेत आहे. सदर ठिकाणी हॉर्न वाजवण्याचा फलक लावणे ही माझी चूक होती. मयत फखरुद्दीन हे लूमवरील पाळी संपवून येत होते. त्यांना हॉर्न ऐकू आला नसावा.’

पत्र लिहिल्यावर हा कागद करायला मला सव्वा वर्ष का लागलं ते विचारू नकोस. रोज सकाळी वाटायचं की उद्या देऊ, आणि ऑफिसात चहा यायचा. या महिन्याच्या चौदा तारखेला वळणावर मोजत उभा होतो, सात वर्षं झाली हे ध्यानात आलं, आणि तिथूनच थेट टायपिस्टकडे गेलो.

वकिलाला विचारलं. केस आता पुन्हा उभी राहत नाही. कागद फाइलला लागेल आणि पडून राहील. साहेबांनी मला बसवून घेतलं, म्हणाले, ‘हसन, कोणी मागितलं नव्हतं हे. वर्षभरात तुझी बढती होती.’ आता मेमो आला आहे, बढती होणार नाही. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. खुर्ची तीच राहील, खिडकीतून रस्ता दिसतो.

ही नक्कल सासूला दाखव. मुख्य म्हणजे खदीजाला वाचायला दे. ती आता वाचू शकेल. तिच्या बापानं काही चुकीचं केलं नाही हे तिला तिच्या मामाच्या सहीनिशी कळलं पाहिजे. तू मला लिहिलं नाहीस तरी चालेल. एवढं मात्र कर.

हसन


म्हसळा
६ मार्च १९९४

भाईला जैनबचा सलाम.

तुझी सगळी पत्रं मिळाली. एकही चुलीत घातलं नाही.

कागद वाचला. एक शब्द चुकलाय. ‘ऐकू आला नसावा’ लिहिलंयस, त्यातला ‘नसावा’ काढ. ‘ऐकू आला नव्हता’ असं लिही.

फखरूला दोन वर्षं ऐकू येत नव्हतं. तू म्हणतोस तसं पाळी सुटल्यावर तासभर नव्हे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. खदीजा रडली की मी त्याचा खांदा हलवून सांगायची. पंगतीत तुझं बोलणं तो माझ्या तोंडाकडे बघून समजायचा, कारण मी ते पुन्हा हळूच ओठांनी म्हणायची. तुम्ही सगळे मला चेष्टेनं म्हणायचात की ही नवऱ्याला भावाच्या गोष्टीसुद्धा भरवते. जॉबर आवाजावरून लूमची खोट ओळखतो. कान गेले म्हणून शेठला कळलं असतं तर त्याला विणकराच्या जागीही कोणी ठेवलं नसतं. त्यानं खदीजाच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घातली होती की कोणाला सांगू नको, तुलाही नाही.

कोर्टात मी दुसऱ्या बाकावर होते. तुझा शेरा वाचला तेव्हा उठून एवढंच बोलायचं होतं की साहेब, त्याला ऐकू येत नव्हतं. मी उठले नाही. मेलेल्याची शपथ मोडायची नाही असं मनाला समजावलं. पण भीती दुसरीच होती. लोकांनी विचारलं असतं, बाई, बहिऱ्या माणसाला त्या रस्त्यावर सायकल घेऊन रोज पाठवत होतीस? मी पाठवत होते. डबा मीच बांधून द्यायची. मग पायरीवर तुला तो शब्द विचारला आणि सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे कोणी बघितलं नाही. सहा वर्षं मी त्याच रागावर राहिले. तू पत्रात तुझं एकेक सांगत गेलास तशी मला आणखी चीड यायची, कारण माझं सांगायची पाळी जवळ येत होती.

काल खदीजाला सगळं सांगितलं. तिनं तुझा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, ‘म्हंजी अब्बांनी हॉर्न ऐकून सोडून दिला नाय, त्यांना तो ऐकूच आला नाय.’ मी म्हटलं, होय. ती उठून दादीला सांगायला गेली.

नवा कागद कर. तुझ्या सहीखाली माझं नाव घाल, जैनब फखरुद्दीन, आणि मला हे माहीत होतं असं लिही. ईद झाली की सही करायला मी येते. एस.टी. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. तो रस्ता मला एकटीला ओलांडायचा आहे.

जैनब